बाजूला काढलेला गूळ

आबा, परवा मी राजारामपुरीत नव्यानं उघडलेल्या मोठ्या दुकानात गेले होते. तिथं हातात टोपली घेऊन आपणच फिरायचं, हवं ते उचलायचं आणि दारापाशी पैसे द्यायचे. साबण घ्यायला गेले आणि मसाल्यांच्या फळीसमोर जागच्या जागी थांबले. काचेसारख्या पारदर्शक डब्यांत काळा गूळ मांडून ठेवला होता. आपल्या घरात फडक्यात बांधून शिंक्यावर ठेवलेला असायचा, तसाच. झाकणावर हिरवं पान छापलेलं आणि खाली लिहिलेलं, ‘रसायनविरहित’. शेजारी साध्या पिशवीत पिवळाधमक गूळ होता, त्याच्या निम्म्या किमतीत. मी कितीतरी वेळ दोन्हीकडे बघत राहिले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. हे दुसऱ्या कुणाला सांगावं ते सुचेना, म्हणून वही उघडली.

दिवाळी झाली की मालकाचं गुऱ्हाळ पेटायचं आणि तुम्ही तिथलेच होऊन जायचात. गुळव्या म्हणून गडमुडशिंगीपर्यंत तुमचं नाव होतं. शाळा सुटली की मी तिकडंच यायची. अजून दिसतं. तुम्ही उकळत्या रसाच्या काहिलीच्या काठावर उभे आहात, वाफेनं चेहरा दिसत नाही. थेंबभर पाक पाण्यात टाकता, बोटांत त्याची गोळी वळता, मान हलवता. अजून नाही. मग मालकाचा पत्र्याचा डबा उघडून मूठभर पांढरी पावडर रसात सोडता आणि तो तपकिरी रस बघता बघता पिवळा होतो. मी टाळ्या वाजवते. मला ती जादू वाटायची. पण तो डबा उघडायच्या आधी तुम्ही रोज एक घागर रस बाजूला काढायचात आणि मागच्या बाजूला तीन दगडांवर वेगळा आटवायचात. तो आपला गूळ. काळपट, मऊ. मला खात्री होती की चांगला गूळ बाजाराचा आणि उरलासुरला आपला, कारण आपण गरीब. मधल्या सुट्टीत मी तो भाकरीखाली झाकून खायची.

दहावी पास झाले तेव्हा शाळेतल्या बाईंना गूळ द्यायचा ठरलं. आपल्या घरात तोवर कुणी दहावी बघितली नव्हती. तुम्ही शिंक्यावरचा गूळ काढून फडक्यात बांधायला लागलात आणि मी भडकले. काळा गूळ देऊन माझी लाज काढणार काय, असं म्हटलं मी तुम्हाला. तुम्ही तो गूळ परत शिंक्यावर ठेवलात. मग मालकाला विचारून पिवळ्या रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, तुकडा फोडलात आणि पेपरात गुंडाळून दिलात. बाईंची लहान मुलगी माझ्यासमोरच तो चाटायला लागली. मला केवढा अभिमान वाटला होता.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रयोगशाळेत सरांनी रंगीत पाण्याच्या चंचुपात्रात चिमूटभर पांढरी पावडर टाकली. रंग गेला. आणि वास आला. तुमच्या शर्टाचा वास, जो आईनं दोनदा धुतला तरी जायचा नाही. मी विचारलं, ही कशासाठी वापरतात? सर म्हणाले, हायड्रोस, कापडाचा रंग उडवायला. मी विचारलं, आणि खाण्यात? सर हसले, “खाण्यात कोण घालेल?” सगळा वर्ग हसला. मी हातातली परीक्षानळी खाली ठेवली आणि वर्गाबाहेर पडले.

तशीच बसनं गुऱ्हाळावर आले. चारचौघांसमोर बोलले तुम्हाला. तुम्ही रसावर आलेली मळी काढत होतात, मान वर केली नाहीत.

“ठाऊक हाय,” एवढंच म्हणालात.

“म्हणूनच आपला रस बाजूला काढता?”

“लोकास्नी पिवळा लागतोय. काळ्या रव्याला बाजारात कोण हात लावत न्हाय.” मग अगदी हळू म्हणालात, “तुझं कालेज त्या रंगावरच चाललंय की.”

पावडरीपेक्षा मोठा धक्का तो होता. खांद्यावरची पिशवी, तिच्यातली रसायनशास्त्राची पुस्तकं, पायातल्या चपला, सगळं पिवळं दिसायला लागलं. आणि बाईंच्या मुलीची जीभ. त्यानंतर महिनाभर मी तुमच्याशी धड बोलले नाही, बोलले तेव्हा उपदेशच केला. पुस्तकातलं पान वाचून दाखवलं, जणू काहिलीवर मी उभी राहिले होते.

पुढच्या हंगामात मालकाच्या हातापाया पडून तुम्ही एक काहील बिनपावडरीची काढलीत. ओढ्याकाठची रानभेंडी उपटून आणलीत, तिची खोडं ठेचून भिजवलीत, त्या चिकट पाण्यानं मळी वर आणलीत. तुमचे वडील असंच करायचे म्हणालात. मला बाजारात बरोबर नेलंत. व्यापाऱ्यानं रव्यात सुरी घातली, तुकडा उजेडात धरला आणि म्हणाला, “काय पावणं, गूळ आणलाय का डांबर?” आजूबाजूचे हसले. मला आजही हेच खरं वाटत नाही आबा, की त्यांच्यातल्या एकानंही कणभर जिभेवर ठेवला नाही. नुसता बघितला. तुम्ही खाली पडलेला खडा उचलून तोंडात टाकलात.

पुढच्या वर्षी मालकानं दुसरा गुळव्या आणला आणि तुम्ही ऊसतोडीला गेलात. खोकला आधीपासूनच होता. डॉक्टरांनी विचारलं, विड्या किती ओढता? तुम्ही जन्मात विडीला हात लावला नव्हता. तो खोकला धुराचा होता, वाफेचा होता की पावडरीचा, हे मला अजून सांगता येत नाही. आणि मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते.

तोच प्रयोग मी वर्गात करून दाखवते. रंग उडाला की मुलांचे डोळे मोठे होतात. मी सांगते, रंग बघून घेऊ नका, वस्तू कशी झाली ते विचारा. परवा मी पण विचारलं. गुळाचा डबा दाखवून म्हटलं, हा कुणी केलाय? पैसे घेणाऱ्या मुलीनं डबा उलटा केला. “मागं लिवलेलं असतंय की, मॅडम.” मागं कुठल्या तरी लांबच्या शहरातला पत्ता होता. काहिलीपाशी कोण उभं होतं ते नव्हतं. रानभेंडी किती घालायची, हेही कुणाला विचारू आता? तुम्ही होतात तेव्हा मी फक्त वाद घातला.

डबा घेतला मी. आईनं चिमूटभर तोंडात टाकला, “बरा हाय” म्हणाली आणि झाकण लावून टाकलं. हे पान वहीतच राहणार आहे, म्हणून तिला न सांगितलेलं तुम्हाला सांगते. फळीवर त्या गुळाचे पाच-सहा डबे होते. मी एकेक उजेडात धरून बघितला आणि त्यातल्या त्यात कमी काळा होता, तो उचलला.