त्रेसष्ट डीव्हीडी, त्रेसष्ट फाईली

जे घडले ते आधी क्रमाने लिहिते.

१. फेब्रुवारी ते मे २०२१ या काळात मी घरातल्या ६३ डीव्हीडींच्या व्हिडिओ फाईली केल्या. माझी आई, मीराबाई, अंथरुणावर होती. टीव्हीसमोर बसणे तिला जमत नव्हते, म्हणून उशाशी राहील असा टॅब घेतला होता.

२. डीव्हीडी बाबांनी केलेल्या होत्या. आमच्या चाळीच्या भजन मंडळाचा कॅमेरा ते सांभाळत. डबलबारीला दोन बुवा समोरासमोर बसतात आणि भजनातूनच एकमेकांना सवाल-जवाब करतात. बाबा त्या बाऱ्या टेपवर घेत. पुढे घरी रेकॉर्डर आला तेव्हा त्यांनी सगळ्या टेप डीव्हीडीवर उतरवल्या.

३. फाईल करताना मी प्रोग्रामला एकच सूचना दिली होती: डीव्हीडीवरचा सर्वांत मोठा भाग घे, बाकीचे सोड.

४. प्रत्येक डीव्हीडीची एक फाईल झाली. ६३ आणि ६३. संख्या जुळली, म्हणून तपासणी झाली असे मी धरले.

५. जूनमध्ये शेजारच्या सुंदराबाई म्हणाल्या, "काय चकचकीत असेल तर दे गं, ह्या कबुतरांनी डोकं खाल्लंय." मी ६३ही डीव्हीडी दिल्या. त्यांनी त्या सुतळीत ओवून गॅलरीत टांगल्या.

६. आई वर्षभर बाऱ्या बघत होती. ऑगस्ट २०२२ मध्ये तिने विचारले, "गो बाय, निलग्यान झांज वाजवल्यान, ता खय गेला?" निलेश हा माझा मोठा भाऊ. बारी सुरू होण्याआधी बाबा कॅमेरा चालतो की नाही हे बघायला घरातलेच काहीतरी दोन-तीन मिनिटे घेत. आम्ही, जिना, आईचा स्वयंपाक. हे भाग डीव्हीडीवर वेगळे होते आणि लहान होते. ते एकाही फाईलीत नाहीत.

७. मी डीव्हीडी उतरवून आणल्या. घरी भरलेल्या डीव्हीडीत चित्र ज्या रंगाच्या थरात साठते, तो उन्हाने जातो. ६३ पैकी ६० वाचता आल्या नाहीत.

८. मी आईला सांगितले, "ती डिस्क निलेशने नेली." हे खोटे होते.

९. आईने त्याला बदलापूरला फोन केला. "रे, ती चकती हाडून दी. माका एकदा बघूक व्हया." तो म्हणाला, माझ्याकडे नाही. तिने तीन दिवसांनी परत केला. असे चार फोन झाले. चौथ्यात तो ओरडला, "मी काय चोर आसंय?" त्यानंतर तो फोन उचलेना.

१०. आई ११ जानेवारी २०२३ रोजी गेली. तेराव्याला निलेशने जिन्यात मला अडवून विचारले, "सापडली का गं डिस्क, इंजिनीअरबाई?" मी "नाही" म्हटले. तेव्हापासून आमचे बोलणे नाही.

आता मृत्युपत्र.

मी, सुचित्रा गणपत घाडीगावकर, वय ३३, काम रुग्णालयांतील उपकरणांची अचूकता तपासणे, राहणार लालबाग, मुंबई, हे स्वतः टाइप करत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डोक्यातल्या एका रक्तवाहिनीला फुगा आहे, पण तो विचारांच्या आड येत नाही असा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणेल असे घरात कोणी नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

शस्त्रक्रिया सोमवार, १७ नोव्हेंबरला आहे. धोका चार टक्के आहे असे सर्जन म्हणाले, आणि तो कमी आहे असेही म्हणाले. सलाइनचा पंप चार टक्के चुकला तर मी पुन्हा मोजते, आणि पुन्हा तेच आले की तो बाजूला काढायला सांगते. म्हणून हा कागद.

कलम १. खोली. चाळीतली पागडीची खोली, १६० चौरस फूट. आई-बाबांनंतर खोलीवर निलेशचा आणि माझा हक्क आहे. माझा जो काही हक्क असेल तो निलेशला. इमारत पाडून नवी होणार अशी सभा दर वर्षी होते. सभेला त्याने जावे, माझ्यासारखे मागे उभे न राहता पुढे बसावे. गॅलरीतली तुळस सुंदराबाई घेतील, त्यांच्याशी बोलले आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक आणि भविष्य निर्वाह निधी निलेशला. दोन्हींवर वारस म्हणून अजून आईचे नाव आहे. बदलण्याचा फॉर्म मी दोनदा घरी आणला. त्यात नवे नाव लिहावे लागते.

कलम ३. अवजारे. मल्टिमीटर, सोल्डरिंगचा संच आणि माझा स्वतःचा प्रेशर गेज सहकारी आल्विन डिमेलो यांना. मार्च २०२२ मध्ये "दोन मिनिटांत आणतो" म्हणून त्यांनी नेलेले बारीक स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्याकडेच राहावेत. सहापैकी चारच उरले असतील, याची मला कल्पना आहे. गेजच्या तपासणीची मुदत फेब्रुवारीत संपते, ती पुन्हा करून मगच वापरावा.

कलम ४. सुंदराबाईंना मिक्सर, आणि माझे छत्री-रेनकोट सोडून घरातले बाकी जे लागेल ते. छत्री मोडकी आहे. डीव्हीडींबद्दल त्यांना कोणी बोलू नये. त्यांनी मागितल्या आणि मी न बघता दिल्या. त्या परत मागायला गेले तेव्हा त्यांनी एकही प्रश्न न विचारता स्टुलावर चढून सगळ्या सोडवल्या, आणि खाली उतरल्यावर एवढेच म्हणाल्या, "कामाच्या होत्या होय गं?" मी "नाही" म्हटले. तेही खोटे होते.

कलम ५. मंडळाचा जुना कॅमेरा मंडळाला परत. तो चालत नाही. पट्टा चांगला आहे.

कलम ६. टॅब. टॅब आणि त्यातल्या ६३ फाईली निलेशला. त्यांची एक प्रत हार्ड डिस्कवर आहे, कपाटात वरच्या कप्प्यात, आईच्या चष्म्याच्या डबीशेजारी. टॅब ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज करू नये. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार्ज करते आणि बंद करून ठेवते. प्रत्येक फाईल शेवटी जिथे थांबवली तिथून सुरू होते. फाईल क्रमांक ४१ एक तास बारा मिनिटांवर थांबलेली आहे. ती आईने थांबवली आहे. मी ती त्यानंतर उघडलेली नाही. पुढची बारी बघायची की नाही हे निलेशने ठरवावे.

कलम ७. पेन ड्राइव्ह. वाचता आलेल्या तीन डीव्हीडी सुंदराबाईंच्या पाण्याच्या पिंपामागे सावलीत होत्या. दोनमध्ये लहान भाग नव्हते. तिसरीत एक आहे, ३८ सेकंदांचा. झांजेचा तो भाग हा नव्हे. तो मिळाला नाही आणि मिळणार नाही.

या ३८ सेकंदांत बाबा कॅमेरा बंद करायला विसरले आहेत. चित्र फक्त लादीचे आहे. आईचा आवाज येतो: "निलग्या, बायचो हात धरून हाड रे, जिन्यार काळोख आसा." निलेशचा आवाज येतो: "धरलंय गो." मग दोन जोड्या चपलांचा आवाज, एक जोडी मोठी असावी. मी तेव्हा सात वर्षांची होते.

फाईल मला सप्टेंबर २०२२ मध्ये मिळाली. तेव्हा आई होती. तिला दाखवली असती तर झांजेचे का मिळाले नाही तेही सांगावे लागले असते, म्हणून दाखवली नाही. हा पेन ड्राइव्ह निलेशचा.

कलम ८. माझ्या मागे काय करायचे ते निलेशने ठरवावे. तेरावे केले नाही तरी माझी हरकत नाही. केले तर डबलबारी ठेवू नये, लोक रात्रभर बसतात आणि सकाळी कामाला जायचे असते. एक साधे भजन पुरे. झांज कोणाला वाजवायची असेल तर वाजवावी.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निलेशने करावी. तो नाही म्हणाला तर वकील ती करतील, त्यांना तसे सांगितले आहे.

साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असे वकिलांनी सांगितले. मला विचारता येतील अशी दोनच माणसे होती. म्हणून त्या दोघांना काही ठेवलेले नाही. माझी मैत्रीण केरेन हिला ते सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला तुझं काय नको. तू मंगळवारी फोन उचल, बस." दगडूकाकांनी चाळीस वर्षे मंडळाचा पखवाज वाजवला. ते चष्मा पुसत सगळा कच्चा कागद वाचत बसले. मग म्हणाले, "मी पंच्याहत्तरचा, माझं अजून केलेलं नाय. आणि ही पोरगी बघा." थोड्या वेळाने म्हणाले, "हे सगळं त्याला फोनवर सांगितलंस तर दोन मिनिटांत होईल." मी म्हटले, लिहूनच बरोबर होते. "बरोबर होतं गं," ते म्हणाले, आणि सही करायला कधी येऊ ते विचारले.

सही: सुचित्रा गणपत घाडीगावकर

आम्हा दोघांच्या देखत सुचित्राने सही केली, आणि तिच्या देखत आम्ही केली.

साक्षीदार १: केरेन परेरा, गिरगाव
साक्षीदार २: दगडू सखाराम शिर्के, लालबाग

स्थळ: लालबाग, मुंबई
रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५

निलेश घाडीगावकर यांच्या प्रतीसोबत:

दादा, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. ही प्रत आधीच पाठवते आहे. सोबत पेन ड्राइव्ह आहे. तू डिस्क नेली नव्हतीस. हे मी दगडूकाकांना आणि सुंदराबाईंना सांगितले आहे. आईला सांगायचे राहिले.

रुग्णालयाच्या फॉर्मवर "जवळचे नातेवाईक" अशी एक ओळ आहे. त्यात नाव आणि फोन नंबर लिहायचा असतो. रविवारी दाखल होताना फॉर्म द्यायचा आहे. ओळ मी रिकामी ठेवली आहे.

तुझे नाव लिहू का, ते शुक्रवार, १४ नोव्हेंबरपर्यंत कळव. माझा नंबर तोच आहे. हो किंवा नाही, एवढे पुरे.