टेन्शन नाही, फक्त बीपी

३ जून, मंगळवार

...कुकर लावला, पाण्याची मोटर बंद केली, ह्यांचे दोन शर्ट खाली इस्त्रीवाल्याकडे टाकून आले आणि मेथी निवडायला बसले. जुडी संपत आली तेव्हा ह्यांच्या ऑफिसातून फोन आला. त्या सकाळी बाकी काहीच झालं नव्हतं.

हे आठवायचं कारण, आज डॉक्टरांनी विचारलं, टेन्शन कब से है. मी सांगितलं, टेन्शन नाही, फक्त बीपी आहे. हे जाऊन दीड वर्ष झालं, पण मी काही रडत बसलेली नाही. त्यांनी गोळी वाढवली आणि योगा करायला सांगितला.

लेक उल्का गुडगावहून सोबत आली होती. म्हणाली, आई, महिनाअखेरीस बीपी खाली नसेल तर तू माझ्याकडे राहायला येतेस, नो डिस्कशन. मी म्हटलं, कबूल. बीपीच येईल खाली. हा फ्लॅट सोडून मी कुठेही जाणार नाही.

५ जून

लायब्ररीतून योगावरची जाड पुस्तकं आणली. मॅट्रिकनंतर जे शिकले ते असंच शिकले. संध्याकाळपर्यंत विषय समजला. आता फक्त करायचं राहिलं.

९ जून, सोमवार

हास्ययोग. शेजारच्या प्रमोदिनीताई पार्कात घेऊन गेल्या. सगळे हात वर करून हो हो, हा हा. मी म्हटलं, आधी कुणी विनोद तरी सांगा. ताई म्हणाल्या, अगं, कारणाशिवाय हसायचं, तोच तर योग. कारणाशिवाय मी ह्यांच्या साहेबांच्या विनोदांना हसलेय, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हा, वर्षानुवर्षं. मला नवीन काय शिकवणार.

मागे एक बाई दुसरीला सांगत होती, इनके हस्बैंड नहीं रहे, फिर भी आई हैं. त्यानंतर सगळे माझ्याकडे बघून जरा हळू हसू लागले.

बीपी वर. मशीनचे सेल उतरले असावेत.

१४ जून, शनिवार

हॉट योगा. गुडगावला, उल्का जाते त्या स्टुडिओत. बाहेर दिल्लीचा जून, आत हीटर. शिकवणारी मुलगी म्हणाली, आंटी, टॉक्सिन्स निकल रहे हैं. मी म्हटलं, बेटा, इसको पसीना बोलते हैं. मग रिसेप्शनच्या एसीत जाऊन बसले. शरीराचं ऐकावं असं पुस्तकातच आहे.

येताना गाडीत उल्का एक शब्द बोलली नाही. उत्तम. बीपीला शांतता हवी.

१८ जून

सेल बदलले. आकडा तोच. मशीन चायनीज आहे.

२३ जून, सोमवार

सापडला. मयूर विहारला एक क्लास आहे, तिथे उशा लावून नुसतं पडायचं. शेवटी शवासन. सरांनी सगळ्या मॅट एका रांगेत घातलेल्या, पाय दक्षिणेकडे. मी माझी फिरवली. माझं डोकं एका ब्रिगेडियरच्या बायकोच्या पायाशी आलं. सर म्हणाले, आंटीजी, सब एक तरफ. मी त्यांना पृथ्वीचे चुंबकीय प्रवाह समजावले. हिंदीत छान जमलं. आधी त्या बाईंनी मॅट फिरवली, मग सगळ्यांनी. शिकलेली माणसं प्रवाह म्हटलं की ऐकतात.

आता बीपी उतरल्यातच जमा.

२७ जून, शुक्रवार

प्रवाहाचं मी बनवून सांगितलं होतं. आपल्याकडे माणूस गेला की त्याचे पाय दक्षिणेकडे करतात, एवढंच. ह्यांना हॉस्पिटलातून आणलं तेव्हा हॉलमध्ये सोसायटीची माणसं उभी होती. दक्षिण कुठली, कुणाला सांगता येईना. कुणी म्हणालं, मेन रोडकडे. कुणी म्हणालं, पार्किंगकडे. शेवटी मीच हात करून दाखवली.

आज क्लासला एक नवीन बाई आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाय दक्षिणेला करून डोळे मिटून पडली. मी जाऊन तिला हलवलं. उठिए, उठिए म्हणाले. ती केव्हाच उठून बसली होती, तरी मी हलवतच होते, असं सर म्हणाले. त्यांनी रिक्षा बोलावली. मी म्हटलं, गॅसेस झाले असतील.

३० जून, सोमवार

उल्का आली. बीपी मोजलं आणि आकडा मला दाखवला नाही. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. म्हणाली, आई, हे माझं मशीन आहे, नवीन. मी म्हटलं, अजून कुंडलिनी करून बघायची राहिलीय.

सरांनी तिला फोन केला होता, त्यामुळे मला सगळं सांगावं लागलं, हॉलमधलंसुद्धा. ती रागावली असती तर मी तिला गप्प केलं असतं. पण ती म्हणाली, दक्षिण तू दाखवलीस, हे मला कधी बोलली नाहीस. मी म्हटलं, त्यात बोलायचं काय. मग मी दोघींपुरता कुकर लावला.

२ जुलै, बुधवार. गुडगाव

काल दूध बंद करायला सांगितलं, सिलिंडर बंद केला, किल्ली प्रमोदिनीताईंकडे दिली आणि उल्काच्या गाडीत बसले. किती दिवसांसाठी, ते विचारलं नाही.