बांधावरच्या अकरा सुबाभळी

१२ एप्रिल १९९९

शेजारच्या धोंडुबाई तयार झाल्या! कान्हूने समक्ष विचारून खात्री केली — दोनदा. त्यांच्या परसातल्या, बांधालगतच्या अकराही सुबाभळी तोडायच्या.

तीन वर्षं विनवतोय. शेंगा तडकतात, बी आमच्या शेतात पडतं, आणि पावसात भातापेक्षा सुबाभूळच दाट. निम्मं शेत दोन वर्षं ओसाड. निम्म्या पिकावर, अर्धेलीने माझं शेत कसणारा कान्हू होळीलाच बजावून गेला होता, "भाऊ, औंदा झाडं गेली नाय तर मी नांगर धरनार नाय." दुसरं कुणी आमच्या गडबमध्ये मिळेना — सगळे कंपनीत, शिफ्टला. मी जन्मभर पेपरला पेण-रोह्याच्या बातम्या धाडल्या. नांगर धरलेला नाही.

धोंडुबाईंचं उत्तर ठरलेलं: "झाडं तोडून माझ्या शेरडांना काय घालू? तुमचा पेपर?"

मग शेरडांचे केस झडायला लागले. पेणचे गुरांचे डॉक्टर म्हणाले, नुसता सुबाभळीचा पाला नको. मिटलं!

१४ एप्रिल

तोडणी झाली. कान्हू आणि खाडीकडचा मोरू. बुंध्यांवर काय घालावं म्हणजे पुन्हा फुटणार नाहीत? मोरू म्हणाला, "मीठ टाका, पोतंभर आनतो." कान्हू उसळला, "भातशेताच्या कडंला मीठ? येडा हायस काय रं?" शेवटी मुळापर्यंत साल सोलली.

धोंडुबाई ओट्यावरून बघत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, झाड लावा म्हनून तुमीच लिवलेलाव पेपरात. आमच्या ह्यांनी वाचून दावलेला."

घरी येऊन जुनी कात्रणं काढली. १९८३. माझंच नाव. 'चारा, सरपण, खत — एका झाडात सर्व काही.' सरकारी पत्रकावरून लिहिलेलं. मजकूर संध्याकाळच्या गाडीने धाडायचा होता. कुणालाही विचारलं नव्हतं.

बायकोला दाखवलं. फार हसली.

२० एप्रिल

राब भाजला. भाताच्या रोपांच्या जागेवर दरवर्षी शेणी आणि टहाळ, म्हणजे वाळल्या फांद्या, रचून जाळतो. यंदा तोडलेल्या फांद्याच रचल्या, शेंगांसकट. वर माती. दिवसभर धूर. कान्हू खूश — "बी पन जळला, राब पन झाला!" मीही खूश.

२७ जून

राबात भाताची रोपं वर आली. त्यांच्यात सुबाभूळ — बोटाएवढी, हिरवीगार, हजारांनी!

कान्हू डोक्याला हात लावून बांधावर बसला. "भाजलेला बी रुजतो? कुनी ऐकलाय?"

रोह्याला शेतकी अधिकाऱ्यांना फोन. ते म्हणाले, "कवच टणक असतं. आम्ही पेरण्याआधी बी गरम पाण्यात घालतो. खालच्या बियांना तुम्ही नेमकी ऊब दिलीत." जळलं ते वरचं. हा फोन एप्रिलमध्ये करायचा होता.

कान्हू म्हणतो, असलं रोप शेतात लावलं तर यंदाचंही वर्ष गेलं. तो लावणार नाही.

३० जून

पाऊस. कान्हू आला नाही.

४ जुलै

सकाळी बघतो तर धोंडुबाई राबात! सोबत सून सगुणा आणि दोन टोपल्या. बोलावलं कुणीच नव्हतं.

"गो सगुणे, भात हिकडं, पाला टोपलीत. मुळासकट काढ." चिखलात रोप अलगद निघत होतं. भाताच्या रोपांच्या मुठी बांधावर, सुबाभूळ टोपलीत — शेरडांना, पण गवतात मिसळून! डॉक्टरांचं ऐकलंय म्हणाल्या.

दुपारी कान्हू आला. बांधावरच उभा राहून बघायला लागला. धोंडुबाई म्हणाल्या, "काय रं, बायकांचा काम बघाला आलास?" तोही चिखलात बसून रोपं काढायला लागला.

९ जुलै

कान्हूने नांगर धरला. लावणी पुरी. अख्खं शेत! तीन वर्षांनी पहिल्यांदा. वाकून वाकून बघितलं — फक्त भात. अधिकारी म्हणतात, एवढं बी एकदम उगवलं हे बरंच झालं, राबाच्या मातीत तेवढं कमी राहिलं. रात्री शांत झोप लागली.

१८ जुलै

माती भिजलीय म्हणून कान्हूने बुंधे उपटायला घेतले. शेवटच्या बुंध्याच्या मुळांत हद्दीचा दगड निघाला — झाडांच्या रांगेच्या पलीकडच्या कडेला, धोंडुबाईंच्या अंगाला. त्यांनीच ओळखला: "व्हय, ह्योच. सासऱ्यांनी दावलेला." म्हणजे अकराही झाडं माझ्या जमिनीत होती. तीन वर्षं माझीच झाडं तोडायची परवानगी मागत होतो!

धोंडुबाई पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे झाडं तुमची, तोडलीत तुमी. आता शेरडांचा चारा बी तुमच्याकडं!" उद्या सकाळी शेरडं घेऊन येणार आहेत.