अठरा किलोची होडी आणि माझं मार्गदर्शन

२ जानेवारी, शुक्रवार
बटण दाबून बोललं की मोबाईल लिहून ठेवतो. मला वाचता येत नाही, सुनेला वेळ नाही. म्हणजे मनातलं बोलायला मोकळी.
नात प्रतिक्षा सोलापूरहून टेम्पोच्या टपावर होडी बांधून आली. कार्बन फायबरची म्हणे. वजन अठरा किलो. आमचं बोकड याहून भारी. अकरा तारखेला उजनीच्या पाण्यावर शर्यत आहे. पहिल्या तिघांत आली तर भोपाळला देशाच्या शर्यतीला जाणार. मी तीस वर्षं याच पाण्यावर होडीतून माणसं पल्याड नेली. मी नसते तर पोरीचं काय झालं असतं.

३ जानेवारी
तिचं वल्हवणं बघितलं. जायचं तिकडं पाठ, आलो तिकडं तोंड. बुडाखालची गादीसुद्धा मागंपुढं सरकते. गादी जागेवर बसत नाही ती होडी कसली.
ठरलं. उद्यापासून रोज पहाटे मार्गदर्शन.

४ जानेवारी, सकाळी नऊ
पहाट हुकली. लई गारठा. काठावरून आठ सूचना दिल्या. तिसऱ्या सूचनेला ती पल्याड पोचली होती. वारा तिच्या बाजूनं होता.
माझ्या मालकांचा जोडीदार चांदसाब म्हणाला, वहिनी, पोरगी जाती की झ्याक. त्याला मोतीबिंदू आहे.

६ जानेवारी
होडी फार डुलते. उद्या मी स्वतः तपासणार. प्रतिक्षा म्हणाली, आज्जी, हात लावू नकोस, माझं सगळं ह्याच्यावर हाय. पोरगी संकोची. मदत मागायला लाजते.

७ जानेवारी
चढायच्या आधी तळाला टाच मारून बघायची, ही आमची रीत. फळी पोकळ वाजली तर कुजकी. ती अंघोळीला गेली तेव्हा मारली.
पाय घोट्यापर्यंत आरपार.
दोष वेळेत सापडला हे नशीब. प्रतिक्षानं येऊन भोक बघितलं. काठावर मांडी घालून बसली. आभार मानायचे राहून गेले असतील.

८ जानेवारी, दुपार
करमाळ्याहून अतीक आला. फायबरच्या टाक्या आणि गाड्यांचे बंपर जोडतो. भोकावर कापड ठेवलं, वरून डिंकासारखं काहीतरी ओतलं. म्हणाला, नानी, दोन दिवस ह्याला हात न्हाय लावायचा. मी म्हटलं, मला काय कामं नाहीत व्हय?

८ जानेवारी, संध्याकाळ
वाळलं का एवढंच बघितलं. एका बोटानं. बोट चिकटलं. बोट ओढलं तर कापडही आलं. माल हलका असणार.

९ जानेवारी
अतीकनं पुन्हा जोडलं. जाताना नमस्कार केला, पण माझ्याकडं न बघता. प्रतिक्षा रात्रभर होडीपाशी झोपणार आहे. कुत्र्यांचा भरवसा नाही म्हणून.

११ जानेवारी, रविवार
मला कुणी उठवलं नाही. माझा आराम बघितला असेल.
दुपारी चांदसाब सांगत आला, ठिगळ टिकलं, प्रतिक्षा तिसरी आली. भोपाळ पक्कं. मी तर पहिल्यापासून म्हणत होते.
संध्याकाळी ती आली, माझ्या पाया पडली. भोपाळला जाईपर्यंत होडी इथंच ठेवणार म्हणाली. मग ती होडी एकटीनं खांद्यावर घेतली आणि गोठ्याच्या आढ्याला टांगली. पार उंच. लाकडी असती तर चार माणसं लागली असती. हलकेपणाचा हा उपयोग मला सुचला नव्हता.
ती गेल्यावर वाटलं, ते ठिगळ एकदा नीट बघावं. सुनेकडं स्टूल मागितलं. सून म्हणाली, आत्याबाई, स्टूल ती टेम्पोत घालून सोलापूरला घेऊन गेली.