समाधीच्या हिरवळीचं पाणी

चैत्र वद्य एकादशी

तीर्थरूप आप्पांच्या चरणी लेक केशरचा दंडवत.

आम्ही खुशाल आहोत. आईचे गुडघे कसे आहेत? चकलांब्याच्या आपल्या विहिरीला पाणी आहे ना?

इकडच्या पाण्याची काळजी करू नका. कारखान्याच्या चेअरमनसाहेबांना जिथं अग्नी दिला, तिथंच समाधी बांधलीय. तिथल्या हिरवळीला रोज टँकर येतो. गावात येत नाही. माळी आश्रुबा म्हणतो, "वैनी, आदी सायबाच्या पाया पडा, मंग घागर लावा." मी पडते.

पण आप्पा, चितेच्या जागेवरचं पाणी देवाला चालतं का? गुरवकाकांना विचारून कळवा. तुळस वाळत चाललीय, तरी घालायला हात धजत नाही.

पोरी मात्र तेच पितात.

तुमच्या आशीर्वादाची,
केशर