पितळेवरचे सहा चौकोन

१४ मार्च २००२, गुरुवार. अल मनखूल, दुबई

सहा चौकोन. पितळेवर अगदी झकास कोरलेले. डोळ्यांपुढून हलत नाहीत.

ऑफिसातली रूथ नोकरी सोडून कॅनडाला परत चाललीय. ती तिकडच्या क्री आदिवासींपैकी. त्यांच्या लिपीत एकच त्रिकोण चार दिशांना फिरवला की चार वेगळे उच्चार होतात. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र नंबर असतो, पण मशीनवर फॉन्ट नसला तर अक्षराच्या जागी रिकामा चौकोन उमटतो. फेअरवेलला तिच्या आजीचं नाव त्या लिपीत पितळी पाटीवर कोरून द्यायचं, ही आमच्या बॉसची, जोशीसरांची आयडिया. बर दुबई भागातल्या कोरीवकामाच्या दुकानात तो फॉन्ट कुठला असायला! स्क्रीनवर सहा चौकोन. मी सरांना फोन केला, "सर, ही अक्षरं नाहीत."

"अरे, असलीच असते यांची लिपी. कोण वाचणार आहे? यल्ला, चल, कोरून घे!"

घेतलं. मी तरी का घेतलं?

आज केक कापला, टाळ्या झाल्या. सर छाती फुगवून म्हणाले, "युवर ग्रँडमदर्स नेम!" रूथ त्या सहा चौकोनांवरून बोट फिरवत राहिली. मग मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाली, "शाळेत आमच्या लिपीत लिहिलं म्हणून मास्तर आजीला पट्टीने मारायचे. ती अक्षरं आहेत, एवढं तरी त्यांना कळत होतं."

नंतर सरांनी मला बाजूला घेतलं. "काय म्हणाली रे?"

"आवडलं म्हणाली, सर."

"बघ! उगाच घाबरत होतास."