टाम्बोच्या जागी

विब्केताईला धाकट्या एगर्टचा नमस्कार.

माझी तब्येत ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? तू पाठवलेले मासे पोचले. इथल्या लोकांना समुद्राचा मासा कळत नाही, मी एकट्याने संपवले.

वारेनडोर्फमध्ये यंदाही सायकलवाल्यांचा सुळसुळाट झालाय. बुडाला उशी शिवलेल्या चड्ड्या घालून येतात आणि घंटी वाजवून घोड्यालाच बाजूला व्हायला सांगतात. ज्याला जिवंत जनावर झेपत नाही, त्याने खुशाल लोखंड हाकावं. शेजारची मेख्टिल्ड म्हणते, "एगर्टकाका, आता तुम्हीही सायकलच घ्या." मी तिच्याशी बोलणंच टाकलं.

टाम्बो वसंतात गेला, ते कळवलंच होतं. डॉक्टर म्हणतो, या कमरेने आता दुसरा घोडा नाही. त्याला मेल्याला काय कळतंय.

तर, सायकल घेतली आहे. तीन चाकांची, फक्त बाजारापुरती. तबेल्यात टाम्बोच्या जागी उभी असते. तिकडे गावात कुणाला सांगू नकोस.

परवा बाजारातून आलो, उतरलो आणि पिशवीतलं गाजर काढून तिच्यापुढे धरलं. कुंपणापलीकडे मेख्टिल्ड उभी होती. तिने नुसती मान वळवली. हसली असती तर बरं झालं असतं.

गुडघ्याला जप.

तुझा,
एगर्ट